आयुक्तसाहेब, आमचा विमानतळ कधी?

पुण्यात विमान उशिरा सुटले तर राग विमान कंपनीवर निघतो. विमानतळाकडे जाणाऱ्या लोहगावच्या रस्त्यावर गाडी अडकली की तो महापालिकेवर निघतो. धावपट्टी का वाढत नाही आणि पुरंदरच्या नियोजित विमानतळाचे घोडे कुठे अडले, हे सवालही फिरून फिरून महापालिका आयुक्तांच्याच दारात येतात. शहराचा कारभारी म्हटल्यावर शहरातले सगळेच त्याच्या अखत्यारीत, असा साधा हिशेब त्यामागे असतो. कागदावर तो जुळत नाही.

राज्यघटनेने विमानतळ हा विषय केंद्राच्या सूचीत 29व्या क्रमांकावर ठेवला आहे. 74व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी बाराव्या परिशिष्टात 18 विषय मोजून दिले. त्यात रस्ते-पूल, पाणी, घनकचरा, कत्तलखाने आहेत, अगदी स्मशानभूमीही आहे. विमानतळ नाही.

लोहगाव विमानतळाचा मामला तर आणखी वेगळा. तो मुळात 1939 सालचा लष्करी तळ. धावपट्टी हवाई दलाची, प्रवाशांची इमारत भारतीय विमानतळ प्राधिकरणाची. ऑक्टोबर 2020 पासून वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणे बंद राहिली आणि 16 ते 29 ऑक्टोबर 2021 या काळात विमानतळ पूर्ण बंद होता. कारण एकच, हवाई दल धावपट्टीचे काम करत होते. त्यात महापालिकेचा काही संबंध नव्हता. नव्या टर्मिनलचेही तसेच. उद्घाटन 10 मार्च 2024 रोजी झाले, प्रवासी आत गेले 14 जुलैला. मधले चार महिने पुणेकरांनी ज्याला त्याला बोल लावले. अडले होते ते प्रामुख्याने विमानतळाची सुरक्षा पाहणाऱ्या सीआयएसएफच्या मनुष्यबळापाशी.

नावामुळे होणारा गोंधळ वेगळाच. नवी मुंबई विमानतळ नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत असणार, असे कोणालाही वाटेल. महापालिका ठाणे जिल्ह्यात आहे आणि विमानतळ रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात. 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेल्या या प्रकल्पात सिडकोची भागीदारी 26 टक्के, उरलेली अदानी समूहाची. विस्थापित गावांचे पुनर्वसन सिडकोने हाताळले. त्यासाठी बेलापूरच्या महापालिका मुख्यालयात अर्ज नेणाऱ्याला हात हलवत परत यावे लागेल.

पुरंदरची गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी आहे. पारगाव, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, खानवडी ही सात गावे पुणे महापालिकेच्या हद्दीबाहेरची. तिथल्या भूसंपादनाची प्रक्रिया जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आहे. मे 2025 मध्ये ड्रोन सर्वेक्षणावरून पोलीस आणि गावकऱ्यांत संघर्ष पेटला, तेव्हा ‘पुण्याच्या सोयीसाठी आमची जमीन’ ही गावांची तक्रार रास्तच होती. पण ती ऐकण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची आणि राज्य सरकारची.

मार्च 2022 मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. जानेवारी 2026 मध्ये निवडणुका होईपर्यंत सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती, दोन्हींचे अधिकार त्या एकाच खुर्चीत होते. त्यातून ‘प्रशासक म्हणजे सर्वेसर्वा’ हा समज पक्का झाला. शहराच्या पैशांपुरता तो बराचसा खराही होता आणि ही गोष्ट लोकशाहीला शोभणारी नव्हती. पण केंद्राचा किंवा हवाई दलाचा एकही अधिकार त्यामुळे त्या खुर्चीकडे आला नाही. आयुक्त नेमते राज्य सरकार. नगरसेवकांना तो नको असेल तर एकूण संख्येच्या पाच अष्टमांश मते लागतात. नवी मुंबईत ऑक्टोबर 2016 मध्ये तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव 104 विरुद्ध 6 मतांनी मंजूर झाला, तरी त्यांची बदली झाली ती मार्च 2017 मध्ये. बोलविता धनी मंत्रालयात असतो, हे त्या पाच महिन्यांत सगळ्यांनी पाहिले.

मग आयुक्तांच्या हातात काहीच नाही का? आहे, आणि नेमके तेच कोणी विचारत नाही.

मटणाच्या दुकानामागे संध्याकाळी टाकलेली आतडी, त्यावर गोळा झालेली कुत्री आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी. हे दृश्य विमानतळाच्या आसपास असेल तर ते नुसते ओंगळ नाही, बेकायदा आहे. 1937 च्या विमान नियमांतील 91वा नियम विमानतळापासून 10 किलोमीटरच्या परिघात जनावरे कापणे आणि पक्ष्यांना ओढून आणेल असा कचरा टाकणे, दोन्हींना मनाई करतो. उडत्या विमानाच्या इंजिनात घार शिरली तर काय होते, हे वैमानिकाला विचारावे. कचरा उचलणे महापालिकेचे काम, मांसविक्रीचे परवानेही तिचेच. इथे आयुक्तांना जाब विचारायला पूर्ण जागा आहे.

करांबाबतही उलटसुलट बोलले जाते. केंद्राच्या मालमत्तेला स्थानिक करातून घटनेच्या 285व्या कलमाने सूट आहे, हे खरे. मात्र केंद्राने कायदा करून उभारलेले महामंडळ म्हणजे केंद्र सरकार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे ‘विमानतळ म्हणजे करमाफ’ असे सरसकट म्हणता येत नाही. जमीन कोणाची, इमारत कोणाची हे आधी पाहावे लागते.

इमारतींच्या उंचीचा प्रश्न मात्र दोन कचेऱ्यांच्या मध्ये लोंबकळतो. बांधकाम परवानगी महापालिका देते, विमानांच्या दृष्टीने किती उंची चालेल हे विमानतळाची यंत्रणा ठरवते. मुंबई विमानतळाभोवतीच्या 48 इमारतींचे नियमबाह्य उंचीचे भाग पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये दिला, तो उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना. हे काम महापालिकेवर ढकलण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा प्रयत्न न्यायालयाने मान्य केला नाही. त्या मजल्यांवर घरे घेतलेल्यांना या टोलवाटोलवीचा काय उपयोग?

म्हणून विमाननगर, धानोरी, लोहगाव या पट्ट्यात वरच्या मजल्यावर घर घेणाऱ्यांनी बिल्डरकडे महापालिकेच्या परवानगीबरोबर हवाई दलाचे ना हरकत पत्रही मागावे आणि दोन्हींतली उंची ताडून पाहावी. पत्रातला आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो. लोहगावची धावपट्टीच सुमारे 590 मीटरवर आहे, तेव्हा जमिनीची उंची त्या आकड्यातून वजा केल्यावर जे उरेल, तेवढीच इमारत कायदेशीर.