रंग पाहू नका, चासी पाहा

मुंबईच्या माझगावात महिंद्र कंपनीने १९४९ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे त्यांचीच एमएम ५४० आली, १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. आज या गाड्या जुन्याच मिळतात. पतपेढीचे कर्ज काढून किंवा फंडातून पैसे उचलून पहिली जीप घ्यायची, तर हौसेआधी हिशेब मांडला पाहिजे.

प्रथम आर.सी. बुक मागा. त्यातले चासी व इंजिन नंबर गाडीवर स्वतः ताडून पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. मुदत संपली असेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. इंजिन बदललेले असल्यास त्याची नोंद बुकात हवी. आधीच्या कर्जाचा बोजा उतरलेला हवा.

मग गाडीखाली वाका. चासी कुजली असेल, जोड दिसत असेल, तर व्यवहार सोडा. रंग आठवड्यात होतो, चासी होत नाही. इंजिन थंड असतानाच सुरू करून धूर पाहा. फोर-व्हील टाकून मातीत चालवा. ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. पैसे मोजले की लगेच आरटीओत गाडी नावावर करा.

जवळ तीन रुपये असतील तर गाडीत दोनच घाला, तिसरा गॅरेजसाठी राखा. हप्त्यापायी मुलांची फी थकली, तर दारातली जीप शोभा नव्हे, ओझे आहे.