घरी जुळवलेल्या संगणकाचा वीजपुरवठा : चार दशकांचा मागोवा

आयबीएमने १९८१ साली बाजारात आणलेल्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरला ६३.५ वॅटचा वीजपुरवठा पुरेसा मानला गेला होता. १९८३ च्या एक्सटीला तो १३० वॅटचा आणि १९८४ च्या एटीला १९२ वॅटचा द्यावा लागला. मूळ पीसीत मागाहून हार्ड डिस्क बसवू पाहणाऱ्याला बहुधा आधी वीजपुरवठाच बदलावा लागे, आणि ‘किती वॅट लागतील?’ हा प्रश्न घरगुती जुळवणीत शिरला तो तेव्हापासून. त्याचे उत्तर एका आकड्यात देण्याची प्रथा पुढे रूढ झाली खरी, पण चार दशकांचा हिशेब पाहता त्या आकड्याने ग्राहकाला जितके सांगितले त्याहून अधिक दडवले, असेच म्हणावे लागते.

आपल्याकडे ज्याला सर्रास एसएमपीएस म्हणतात, ते उपकरण घरातल्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विद्युतधारेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या दिष्ट धारेत रूपांतर करते. हे काम ते विजेची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून साधते, त्यामुळे त्यातला ट्रान्सफॉर्मर लहान आणि हलका राहतो. एटी पद्धतीत मदरबोर्डला दोन वेगळ्या जोडण्या दिल्या जात आणि त्या लावताना काळ्या तारा शेजारीशेजारी आल्या नाहीत तर बोर्ड जळण्याचा धोका असे. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकाने त्यांच्या जागी २० पिनांची एकच, उलटी न बसणारी जोडणी आणली, ३.३ व्होल्टची स्वतंत्र वाहिनी दिली आणि संगणक बंद असतानाही जागी राहणारी ५ व्होल्टची धारा सुरू केली, जिच्यामुळे पुढे संगणक आज्ञावलीतूनच बंद करता येऊ लागला.

खरे वळण आले ते २००० साली, पेंटियम ४ बरोबर. तोवर प्रोसेसरची वीज मुख्यतः ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाहिन्यांवरून घेतली जात असे. परंतु ६० वॅट शक्ती ५ व्होल्टवर पोचवायची तर १२ अँपिअर धारा लागते आणि १२ व्होल्टवर पाचच, आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हा फरक फार मोठा ठरतो. म्हणून प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची चार पिनांची वेगळी जोडणी आली, २००३ मध्ये मुख्य जोडणी २४ पिनांची झाली, आणि ग्राफिक्स कार्डांनीही हीच वाहिनी धरली : स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनांच्या तारेतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या तारेतून १५०. यानंतर एसएमपीएसवरच्या एकूण वॅटना फारसा अर्थ उरला नाही. कॅबिनेटबरोबर फुकटात येणाऱ्या, ‘४५० वॅट’ छापलेल्या खोक्याच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिलेले असेल, तर संगणकाच्या मुख्य भागांना मिळणारी वीज १९२ वॅटच असते. उरलेला आकडा फारशा वापरात नसलेल्या वाहिन्यांच्या बेरजेतून येतो, किंवा नुसताच छापलेला असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळवणाऱ्यांनी प्रोसेसर आणि रॅमसाठी घासाघीस करावी आणि एसएमपीएस कॅबिनेटसोबत येईल तो घ्यावा, ही त्या काळची सर्वांत महाग पडलेली काटकसर होय.

२००४ साली सुरू झालेल्या ८० प्लस प्रमाणपत्राने कार्यक्षमतेचा निकष पुढे आणला. २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता ही त्याची मूळ अट होती. ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम या पायऱ्या नंतरच्या. या टक्केवारीने एक गैरसमजही रुजवला : ८० टक्के कार्यक्षमतेचा ५०० वॅटचा एसएमपीएस ४०० वॅटच देतो, असे अनेक जण मानतात. वस्तुतः तो ५०० वॅटच देतो आणि त्यासाठी भिंतीतून ६२५ वॅट ओढतो. शिवाय हे प्रमाणपत्र वीज किती स्थिर आहे किंवा संरक्षण व्यवस्था किती चोख आहे, याविषयी काहीच सांगत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला भारनियमनाची जोड होती. वीज गेल्यापासून यूपीएस भार उचलेपर्यंतच्या काही सहस्रांश सेकंदांत संगणक तगतो तो एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरच्या साठ्यावर. स्वस्त एसएमपीएसमध्ये नेमका हाच भाग लहान केलेला असतो, आणि मग दोष मात्र यूपीएसवर ढकलला जातो.

गेल्या काही वर्षांत सरासरी भाराइतकीच क्षणिक उसळी महत्त्वाची झाली आहे. २०२० च्या आरटीएक्स ३०८० या कार्डाची अधिकृत गरज ३२० वॅट असली, तरी अत्यल्प काळ ते त्याहून बरेच अधिक ओढते आणि तेवढ्यावरून संरक्षण व्यवस्था अख्खा संगणक बंद करू शकते. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने म्हणूनच ४५० वॅटवरील एसएमपीएसना १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार पेलण्याची अट घातली. त्याच सुमारास ६०० वॅट वाहणारी १६ पिनांची जोडणी आली. ती पुरती न बसल्याने काही ठिकाणी वितळली, आणि पुढच्याच वर्षी तिच्यात सुधारणा करावी लागली.

आजच्या घडीला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला चांगल्या प्रतीचा ४५० वॅटचा एसएमपीएस भरपूर होतो, आणि ३०० वॅटचे कार्ड व २५० वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर असेल तर ७५० वॅट योग्य ठरतात. लिहिण्या-वाचण्यापुरत्या संगणकाला हजार वॅटचा एसएमपीएस लावणे हा अपव्यय आहे, कारण इतक्या कमी भारावर त्याची कार्यक्षमता घसरते. मात्र एसएमपीएस बदलताना जुन्या मॉड्युलर तारा नव्याला कधीही जोडू नयेत : तारेच्या एसएमपीएसकडील टोकाची पिनरचना कोणत्याही मानकाने ठरवलेली नाही, आणि चुकीच्या जोडणीने डिस्क कायमच्या जळतात.