अंतराळातली अनिता

तुमच्या वर्गात कदाचित नसेल, पण मावश्या, आत्या, काकू यांच्यात शोधलंत तर एखादी अनिता हमखास सापडेल. आणि गंमत म्हणजे पार स्पेनमध्ये, ब्राझीलमध्येही अनिता असतात! तिकडे ते लाडाचं नाव. खरं नाव आना, आणि चिमुकली आना म्हणजे अनिता. आपल्याकडे सुलोचनाची सुलू होते ना, तसंच.

आता लाडाचं नाव म्हणजे बाई नाजूक, असं मुळीच नाही हं! ब्राझीलची अनिता गारिबाल्दी घोड्यावर बसून लढाईत उतरायची. रोममध्ये तिचा पुतळा आहे. घोडा उधळलेला, एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हातात तान्हं बाळ!

माझी लाडकी अनिता मात्र वेगळीच. तिला आठ पाय होते.

अमेरिकेतल्या ज्युडिथ माइल्स नावाच्या शाळकरी मुलीला प्रश्न पडला होता, की जिथे वजनच जाणवत नाही तिथे कोळी जाळं विणेल का? नासाला तो इतका आवडला, की १९७३ साली कोळ्याच्या दोन माद्या, अॅराबेला आणि अनिता, थेट ‘स्कायलॅब’ अंतराळस्थानकात पोचल्या.

यात अवघड ते काय? बागेतलं एखादं गोल जाळं नीट बघा. कोळी बहुतेक वेळा डोकं खाली करून बसलेला दिसेल, आणि त्याची जागा मधोमध नसून जरा वरच्या बाजूला असेल. वर चढण्यापेक्षा खाली धावणं सोपं ना! म्हणून खालचा भाग मोठा. विणतानाही तो धाग्याला लटकून स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. वजनच गेलं तर बिचाऱ्याने उतरायचं कसं?

पहिली पाळी अॅराबेलाची. जिच्यात घालून तिला नेलं होतं, त्या कुपीतून ती बाहेरच येईना. अंतराळवीर ओवेन गॅरियट यांनी शेवटी कुपी हलवून तिला बाहेर काढलं, तर ती हवेत पाय मारत इकडून तिकडे आपटायला लागली. पहिलं जाळं कोपऱ्यातलं, अगदीच गबाळं. पण दुसऱ्याच दिवशी जमलं की तिला! नंतर अनितानेही विणलं. दोघींचे धागे मात्र पृथ्वीवरच्यापेक्षा बारीक होते, आणि कुठे जाड तर कुठे पातळ. धागा किती जाड काढायचा हे कोळी आपल्या वजनावरून ठरवत असावा, असं शास्त्रज्ञांना वाटलं.

अनिता जिवंत परत आली नाही. बहुधा अंगातलं पाणी कमी होऊन ती अंतराळातच मेली. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पुढे दुसऱ्या कोळ्यांना आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात नेलं, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. त्यांच्या पिंजऱ्यातला दिवा बंद असताना विणलेली जाळी बऱ्यापैकी सारखी, मध्यबिंदू मधोमध. दिवा चालू असला की मात्र मध्यबिंदू दिव्याकडे सरकलेला! वजन नाही, तर कोळ्यांनी उजेडालाच ‘वर’ मानलं होतं. मग मला सांगा, दिवा पिंजऱ्याच्या तळाशी लावला असता तर?