रिपोर्ट तुमचा, प्रती कुणाकुणाकडे?

दुपारी ओपीडी संपताना कोणत्याही मोठ्या रुग्णालयाबाहेरचे झेरॉक्सचे दुकान पाहावे. सोलापुरात उपचारासाठी अक्कलकोट, मंगळवेढ्यापासून पार इंडी-विजयपूरपर्यंतचे रुग्ण येतात. योजनेच्या फाइलला आधार, रेशनकार्ड, सोनोग्राफी, रक्ताचा रिपोर्ट, सगळ्याच्या प्रती लागतात. रिपोर्ट मोबाइलवर आलेला असतो. "या नंबरवर व्हॉट्सॲप करा," दुकानदार सांगतो. दोन मिनिटांत प्रिंट मिळते आणि नातेवाईक घाईने परत जातो. फाइल मात्र दुकानाच्या संगणकावरच राहते, आधीच्या शेकडो लोकांच्या कागदांशेजारी. दुकानदाराच्या मनात काही वाईट नसते, पुसत बसायला त्याला सवड नसते इतकेच. पण तो संगणक दिवसभर चार जणांच्या हाताखाली असतो, कधी दुरुस्तीला जातो, कधी विकला जातो.

बँकेचा पासवर्ड बदलता येतो. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात किंवा मानसिक आजार यांचा कागद बाहेर गेला, की त्यात बदलण्यासारखे काही उरत नाही. ठरलेले लग्न मोडते, भाड्याची खोली सोडावी लागते. म्हणूनच २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाच्या संमतीशिवाय, काही मोजके अपवाद वगळता, ही माहिती उघड करण्यास मनाई केली आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर उघडे पडलेले आढळले. त्यांत एचआयव्ही तपासणीचेही होते. इथे कुणी कुलूप फोडले नव्हते, मुळात ते लावलेलेच नव्हते. एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या प्रतिमा रुग्णालये 'पॅक्स' नावाच्या सर्व्हरवर साठवतात. प्रतिमेच्या फाइलमध्येच रुग्णाचे नाव, जन्मतारीख नोंदलेली असते. २०१९-२० मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने असे उघडे सर्व्हर जगभर शोधले. भारतात महाराष्ट्र सर्वांत पुढे निघाला: ३ लाखांहून अधिक नोंदी, सुमारे ७ कोटी प्रतिमा. २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तर देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाला बरेच दिवस हाताने केसपेपर लिहावे लागले.

सर्व्हरला कुलूप लावणे रुग्णालयाचे आणि लॅबचे काम, ते रुग्णावर ढकलता येणार नाही. आपल्या हातात आहे ते आपल्या फोनमधून बाहेर पडणाऱ्या प्रतींचे.

दुकानात प्रिंट झाल्यावर फाइल आपल्यासमोर पुसायला सांगावी, 'रिसायकल बिन'मधूनही. त्यात संकोच नको. आपल्या फोनवरून 'डिलीट फॉर एव्हरीवन' केले तरी संगणकावर उतरलेली प्रत जात नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. तिथे स्वतःचे व्हॉट्सॲप उघडले असेल, तर 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन तो संगणक काढून टाकावा.

नोंदणीच्या खिडकीवर कुणाचा नंबर देतो, हेही महत्त्वाचे. घरातल्या बाईकडे फोन नसला की शेजाऱ्याचा, नाहीतर पुतण्याचा नंबर दिला जातो. मग तिच्या गर्भाशयाच्या तपासणीचा रिपोर्ट तिच्याआधी तोच वाचतो. अशा वेळी कागदी रिपोर्टच घेतलेला बरा.

"ओळखीचे कुणी डॉक्टर आहेत का?" असे विचारत रिपोर्ट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याची रीत तर घरोघरी आहे. ग्रुपवर नुसते विचारावे, आणि डॉक्टर मिळाले की त्यांनाच रिपोर्ट पाठवावा. नाव, पत्ता, मोबाइल झाकावा. वय, लिंग, तपासणीची तारीख आणि लॅबने दिलेली सामान्य मर्यादा झाकू नये, त्यांच्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून मात्र काहीही लपवू नये. आधीचा आजार, चालू गोळ्या न सांगता भूल घेणे जिवावर बेतू शकते.

आलेला रिपोर्ट फोनच्या गॅलरीत आपोआप उतरतो आणि लग्नाचे फोटो दाखवताना मध्येच उगवतो. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स'खाली 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली, की पुढचे फोटो तिथे दिसत नाहीत. आधीचे हाताने पुसावे लागतात. 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिनही तिथल्याच 'अकाउंट'मध्ये लावता येतो.

आधारची फक्त ओळख म्हणून प्रत द्यायची असेल, तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच आकडे दिसणारे 'मास्क्ड' आधार काढावे.

एक फसवणूक विशेषतः आजारी माणसाच्या घाईवर टपलेली असते. इंटरनेटवर रुग्णालयाचा नंबर शोधावा, तर तो भामट्याचाच निघतो. "नंबर लावायला फक्त १० रुपये भरा," म्हणत तो लिंक किंवा एपीके फाइल पाठवतो. ती फाइल फोनमध्ये बसली की ओटीपी त्याला दिसू लागतात. नंबर रुग्णालयाच्या केसपेपरवरचा किंवा फलकावरचाच घ्यावा. पैसे गेलेच, तर बँकेला आणि १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या तासाभरात सर्वाधिक असते.