खेळून पोट भरतं का? (लेखांक ६) : त्रेचाळिसाव्या नंबरचा पोरगा

मागच्या भागात प्रो कबड्डीच्या लिलावाचं गणित पाहिलं. आज जरा लांब जाऊ, ऑस्ट्रेलियात. तिथला एक फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नाही आणि रग्बीसारखाही नाही. तिथले लोक त्याला लाडाने ‘फूटी’ म्हणतात. चिखलदऱ्याच्या आश्रमशाळेतल्या पोरांनी हा खेळ पाहिला, तर पहिल्या पाच मिनिटांत त्यांना तो मारामारी वाटेल आणि सहाव्या मिनिटाला आवडू लागेल.

क्रिकेटचं अख्खं मैदान, एकेका बाजूला अठरा खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे चार डाव. थांबलेला वेळ वरून धरायचा तो वेगळा. चेंडू लंबगोल. तो हाताने फेकायचा नाही. एका तळव्यावर धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून सोबत्याकडे पाठवायचा, नाहीतर लाथ मारायची. चेंडू घेऊन धावताना दर पंधरा मीटरच्या आत तो एकदा जमिनीला टेकवावा लागतो. गोल चेंडू टप्पा घेऊन सरळ हातात येतो. हा मात्र कुठे उडेल त्याचा नेम नसतो. तो नेम बसेपर्यंत पोरांची चार-पाच वर्षं जातात. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या खांबाच्या आतून गेला तर एक. चुकलेल्या नेमालाही गुण देणारा खेळ म्हणून मला त्याचं विशेष कौतुक आहे.

आता पोटाकडे वळू. व्हिक्टोरिया प्रांतातल्या क्लबांची लीग १८९७ साली सुरू झाली. १९९० मध्ये तिला ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग हे देशव्यापी नाव मिळालं. आज तिच्यात अठरा क्लब आहेत. १९८६ पासून नव्या पोरांची निवड ‘ड्राफ्ट’ने होते. गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या क्लबला पहिल्या निवडीचा हक्क मिळतो आणि विजेता सर्वांच्या मागे राहतो. कुठल्या क्लबात जायचं हे पोराच्या हाती नसतं. ज्याच्या बापाने एखाद्या क्लबकडून किमान शंभर सामने खेळलेत, त्याच्यावर त्या क्लबचा अग्रहक्क असतो. घराणेशाहीलाही तिथे शंभर सामन्यांची अट आहे, हे आपल्या पुढाऱ्यांनी ऐकून ठेवावं.

या शिडीवरून चढलेला एक माणूस पाहू. अ‍ॅडम गुड्स १९८० साली दक्षिण ऑस्ट्रेलियात जन्मला. आई आदिवासी समाजातली. लहानपणी तो आपल्यासारखा गोल चेंडूचा फुटबॉल खेळायचा; फूटी पुढे आली. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये सिडनी स्वान्सने त्याला घेतलं ते त्रेचाळिसाव्या नंबरवर, म्हणजे त्याच्याआधी बेचाळीस पोरं उचलली गेली होती. पहिलं वर्ष राखीव संघात गेलं. १९९९ मध्ये मुख्य संघात आला आणि त्याच वर्षी उगवत्या खेळाडूचा पुरस्कार घेऊन गेला. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं ब्राउनलो पदक त्याने दोनदा जिंकलं, २००३ आणि २००६ मध्ये. संघाने २००५ आणि २०१२ ची विजेतेपदं मिळवली. एकूण ३७२ सामने. वर्णद्वेषाविरुद्ध तो उघड बोलला. २०१४ मध्ये देशाने त्याला ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ केलं आणि २०१५ च्या हंगामात प्रेक्षकांनी मैदानामैदानावर त्याची हुर्यो उडवली. त्या हंगामाअखेर त्याने खेळ सोडला. लीगने माफी मागितली ती २०१९ मध्ये.

मेळघाटच्या दृष्टीने मला गुड्सच्या पदकांपेक्षा दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जेरार्ड नीशम या माजी प्रशिक्षकाने २००० साली पर्थमध्ये क्लॉन्टार्फ नावाची संस्था काढली. आदिवासी मुलांना फूटीच्या ओढीने शाळेत आणायचं आणि शाळेत टिकवायचं, हे तिचं काम. रोज वर्गात बसशील, नीट वागशील, तर खेळशील. लीगपर्यंत पोचणारी पोरं थोडीच. बाकीची शिकून कामाला लागावीत हा खरा हेतू.

आपल्याकडे शिडी नाही असं नाही, पण पायऱ्यांमधलं अंतर फार आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन कबड्डी दाखवून आलं. त्याच अमरावतीचा जितेश शर्मा २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सने दहा लाखांत घेतला. त्या संघाकडून त्याला एकही सामना मिळाला नाही. आयपीएलचा पहिला सामना तो खेळला २०२२ मध्ये, पंजाबकडून. पुढे बंगळुरूने त्याच्यासाठी अकरा कोटी मोजले आणि २०२५ मध्ये तो संघ पहिल्यांदा विजेता झाला. मधली सहा वर्षं विदर्भाच्या संघाने त्याला खेळतं ठेवलं. तो आधार नसता तर अकरा कोटींपर्यंत गोष्ट आलीच नसती.

कोरकू पोराला तसा आधार कोण देणार? आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या स्पर्धा प्रकल्पापासून राज्यापर्यंत होतात. धारणी प्रकल्पातली पोरं त्यात धावतात, कबड्डी-खो-खो खेळतात, ढाल घेऊन परततात. दहावीनंतर पुढे काय, याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि आपल्याकडे खेळावर पोट भरण्याचा तोच खरा रुळलेला रस्ता. मात्र त्यासाठी नेमक्या कुठल्या स्पर्धेचं, कुठल्या पातळीवरचं प्रमाणपत्र चालतं, हे पोराला कळतं तोवर वय निघून गेलेलं असतं.

म्हणून चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतल्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती. आश्रमशाळांच्या स्पर्धांवर थांबू नका. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शालेय स्पर्धांतही पोरांची नावं द्या आणि क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांच्या तारखा आधीच विचारून ठेवा. प्रत्येक प्रमाणपत्राची एक प्रत शाळेच्या कपाटात राहू द्या. पावसाळ्यात इथली घरं गळतात आणि कागद टिकत नाहीत.

पुढच्या आठवड्यात : गुडघा गेला की पगार कोण देतो?