शाईची रेघ आणि सति

सुमि-ए ही जपानी शाईचित्रकला मुख्यतः झेन भिक्खूंनी वाढविली. सेश्शू (१४२०-१५०६) हे त्यांतील अग्रणी. जपानी कुंचल्याचा महाराष्ट्राशी संबंध अजिंठ्यामुळे आला. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून कलकत्त्यात ते तंत्र शिकविणारे अराई काम्पो यांनी १९१७-१८ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या.

नवशिक्याने काजळी व सरस यांची वडी दगडी पात्रात पाण्याबरोबर सावकाश उगाळावी. पहिला धडा बहुधा बांबूचा. नंदुरबारच्या सातपुड्यात तो डोळ्यांसमोरच असतो. प्रत्येक पेर एकाच ओढीत रेखावयाचे. कागद शाई तत्काळ शोषतो. रेघ पुसता येत नाही. म्हणून कुंचला टेकविण्यापूर्वीच चित्त जागे हवे. या जागेपणासच पालीत सति म्हणतात. ती जन्माने लाभत नाही, अभ्यासाने येते. चित्रकाराचा हातही तसाच घडतो.