हॉकीचे वेळापत्रक आणि गोळ्यांचा डबा

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ गेली अनेक वर्षे माझ्याकडे तपासणीसाठी येतात. तरुणपणी ते कारखान्याच्या संघातून हॉकी खेळत. खडकी हे हॉकीचे जुने घर. धनराज पिल्ले तिथूनच पुढे आले. १९७५ साली क्वालालंपूरच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवले, तो सामना काकांनी रेडिओवर ऐकला होता. अशोककुमारांच्या निर्णायक गोलाची हकिकत ते तपासणीच्या टेबलावर आडवे असतानाच सांगू लागतात आणि मला त्यांचा रक्तदाब दुसऱ्यांदा मोजावा लागतो.

२०२३ साली त्यांची अँजिओप्लास्टी झाली. त्यानंतरच्या पहिल्या भेटीत मी त्यांच्या मुलाला सवयीने सांगितले, “मनावर ताण येईल असे काही नको.” या मोघम वाक्याचा घरात असा अर्थ लावला गेला की, बाबांनी यापुढे हॉकी पाहायची नाही. दिवाणखान्यातला टीव्ही रात्री नऊला बंद होऊ लागला. पुढे ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमधील भारत-जर्मनी उपांत्य लढत आपल्या वेळेनुसार रात्री साडेदहाला सुरू झाली. काकांनी ती अंथरुणात, पांघरूण डोक्यावरून घेऊन, मोबाइलच्या वीतभर पडद्यावर पाहिली. २-२ अशी बरोबरी असताना ५४व्या मिनिटाला जर्मनीने तिसरा गोल केला. छातीत जडपणा त्याआधीच सुरू झाला होता. जिभेखाली ठेवायची गोळी बाहेरच्या खोलीतल्या कपाटात होती. दिवा लावला तर सगळे उठतील आणि चोरी उघडकीस येईल, म्हणून ते पहाटेपर्यंत तसेच बसून राहिले.

सकाळी सुनेने त्यांचा चेहरा पाहिला आणि रुग्णालय गाठले. निभावले, एवढेच म्हणतो. दोन दिवसांनी भारताने स्पेनला २-१ हरवून कांस्यपदक मिळवले, ते काकांना वॉर्डातल्या मदतनिसाने येऊन सांगितले. बरे होऊन आले तेव्हा म्हणाले, “डॉक्टर, मला सामन्याने त्रास झाला नाही, लपवण्याने झाला.” वैद्यकीयदृष्ट्या हे पूर्ण खरे नाही. पण माझ्या सल्ल्यातली चूक त्यांनी अचूक दाखवली होती.

पूर्ण खरे का नाही, तेही सांगतो. २००६ साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला, त्या काळात म्युनिक परिसरातील हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची मोजणी करण्यात आली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हे प्रमाण एरवीच्या २.६६ पट आढळले. सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत ते सर्वाधिक होते आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना धोका अधिक होता. खेळ वेगळा असला तरी हृदय तेच. तेव्हा ‘त्यात काय, खेळच तर आहे’ असे मी म्हणणार नाही. मात्र अशा रात्री ताण एकटा येत नसतो. जागरण, उशिराचे जड जेवण, खारवलेले पदार्थ, चुकलेली गोळी आणि क्वचित मद्य हे त्याचे सोबती असतात. हे सोबती आपल्याला आधीच दाराबाहेर ठेवता येतात आणि त्यासाठी लागते ती केवळ एक वही.

येत्या ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात नेदरलँड्स आणि बेल्जियम येथे पुरुष व महिला अशा दोन्ही गटांचा हॉकी विश्वचषक होत आहे. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये जपानच्या आयची-नागोया येथे आशियाई क्रीडा स्पर्धा आहेत. ज्या घरात हॉकीवेडे आजोबा किंवा आजी आहेत, तिथे या दोन महिन्यांचे नियोजन आतापासून व्हावे.

पहिले काम घड्याळाचे. छापील वेळापत्रकात बहुधा तेथील स्थानिक वेळ असते. उन्हाळ्यात नेदरलँड्स आणि बेल्जियम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. तिथला दुपारी बाराचा सामना आपल्याकडे साडेतीनला लागेल, संध्याकाळी पाचचा रात्री साडेआठला आणि रात्री साडेआठचा थेट मध्यरात्री बाराला. जपान उलट आपल्यापुढे साडेतीन तास आहे, म्हणजे तिथली संध्याकाळ ही आपली दुपार. तिथले सामने रात्रीच्या झोपेला धक्का लावत नाहीत. दुपारच्या वामकुक्षीशी तेवढी तडजोड करावी लागेल. वहीत प्रत्येक सामन्यापुढे भारतीय वेळ लिहावी आणि तिच्याशेजारी सामना संपण्याची वेळही लिहावी. खेळ साठ मिनिटांचा असला तरी विश्रांती, पेनल्टी कॉर्नर आणि व्हिडिओ पंचांचे निर्णय धरून पावणेदोन तास सहज जातात. बाद फेरीत बरोबरी झाली तर वर शूटआउट असतेच.

आता वहीत दोन रंग करावेत. रात्री दहाच्या आत संपणारे सामने थेट पाहावेत. त्यानंतर संपणारे दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीनंतर, पुनःप्रक्षेपणात पाहावेत. यावर काका माझ्याशी भांडले. शिळ्या सामन्यात काय राम, असे त्यांचे म्हणणे. पण घरातल्यांनी निकाल फोडला नाही तर सकाळचा सामनाही ताजाच असतो. यासाठी सकाळचे वर्तमानपत्र आणि फोनवरचे कौटुंबिक गट तेवढा वेळ दूर ठेवावे लागतात. ज्यांचा हृदयविकार अजून स्थिर नाही, अशांना मी मात्र उलट सांगतो: आधी निकाल जाणून घ्या आणि मग सामना पाहा. जाणकाराला निकाल माहीत असला तरी खेळाची गोडी उरतेच. आपण जुने सामने पुन्हा पाहतोच की.

सामना नेमका कुठे दिसणार, हा पुढचा प्रश्न. प्रक्षेपणाचे हक्क स्पर्धेगणिक बदलतात आणि देशागणिक वेगळे विकले जातात. त्यामुळे मागच्या स्पर्धेची वाहिनी या वेळी असेलच असे नाही आणि परदेशातल्या मुलाला दिसणारे ॲप इथे चालेलच असेही नाही. स्पर्धेच्या आठवडाभर आधी हॉकी इंडिया आणि आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या अधिकृत घोषणा पाहून वाहिनीचे नाव वहीत लिहावे. ॲपची वर्गणी लागणार असेल तर ती घरातल्या जाणत्या व्यक्तीने आधीच भरावी आणि एखादा साधा सामना लावून पाहावा. ‘सामना फुकट पाहा’ अशा संदेशातल्या दुव्याला हात लावू नये. सामना सुरू व्हायला पाच मिनिटे उरली असताना, घाईत, अनोळखी ॲप उतरवून ओटीपी सांगून बसलेले दोन रुग्ण माझ्या माहितीत आहेत. त्यांचा त्या रात्रीचा रक्तदाब कोणत्याही शूटआउटपेक्षा जास्त होता.

मोबाइलऐवजी टीव्हीवर पाहावे, हे आग्रहाने सांगतो. हॉकीचा चेंडू लहान आणि वेगवान. वीतभर पडद्यावर तो शोधताना मान वाकते आणि डोळ्यांची उघडझाप कमी होऊन ते कोरडे पडतात. खोलीत मंद दिवा असावा. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते लावूनच बसावे. आवाज वाढवून घरच्यांची झोप मोडली की तंटा होतो आणि तंट्याचा ताण सामन्याहून वाईट.

नव्या हॉकीने वृद्धांची एक सोय आपसूक केली आहे. पूर्वी पस्तीस मिनिटांचे दोन डाव असत. आता पंधरा मिनिटांची चार सत्रे असतात. पहिल्या आणि तिसऱ्या सत्रानंतर दोन मिनिटांची विश्रांती मिळते आणि मध्यंतर त्याहून मोठे असते. प्रत्येक विश्रांतीत उठून खोलीत फेऱ्या माराव्यात. पायांवर सूज येणाऱ्यांनी तर नक्कीच. उठताना मात्र आधी खुर्चीच्या कडेशी क्षणभर बसावे, मग आधाराने उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठल्यास भोवळ येऊ शकते. स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा हवा आणि फरशी कोरडी हवी. उशिरा रात्री पडून मांडीचे हाड मोडलेले रुग्ण मी हृदयविकाराच्या झटक्याइतकेच गंभीर मानतो.

औषधांची वेळ सामन्यानुसार हलवू नये. सामना औषधांच्या वेळेत बसवावा. रात्रीचे जेवण आणि जेवणाशी जोडलेले इन्सुलिन किंवा साखरेची गोळी रोजच्याच वेळी घ्यावी. ‘मध्यंतरात जेवू’ म्हणून गोळी घेऊन बसलेल्या माणसाची साखर तिसऱ्या सत्रात उतरते आणि घाम, थरथर, धडधड ही लक्षणे सगळ्यांना सामन्याची वाटतात. या वर्षी विश्वचषक श्रावणात येत आहे. मधुमेह्यांनी श्रावणी सोमवारचा उपवास आणि रात्रीचा सामना एका दिवशी जुळवू नये; उपवास करायचाच असेल तर गोळ्यांविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. लघवी वाढवणारी गोळी सकाळची असेल तर सकाळीच घ्यावी. झोपेची गोळी घेऊन सामना पाहू नये आणि सामन्यानंतर झोप येत नाही म्हणून दुसरी घेऊ नये. चिवडा-फरसाणाची बशी समोर असली की ती संपते, म्हणून ती समोर नसावी. भाजलेले मखाणे किंवा पेरूच्या चार फोडी पुरेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी फळ निवडण्याआधी विचारावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. छातीत दाब किंवा जडपणा, डाव्या हातात वा जबड्यात कळ, गार घाम, दम लागणे, यांपैकी काही जाणवले तर टीव्ही त्याच क्षणी बंद करावा, रुग्णाला बसते करावे आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तर जिभेखालची गोळी बसूनच द्यावी. पाच मिनिटांत आराम पडला नाही, तर १०८ ला फोन करावा. मधुमेही आणि वृद्ध स्त्रियांमध्ये छातीत दुखतेच असे नाही. नुसता थकवा, मळमळ किंवा दम असतो. ‘सामना हरला म्हणून गळून गेल्या आहेत’ असे समजून झोपू देऊ नये. आणि त्रास सांगितल्याबद्दल बोलू नये. ‘सांगितले होते ना, पाहू नका’ हे वाक्य एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी सांगत नाही.

जिभेखालची गोळी कपाटात नव्हे, सदऱ्याच्या खिशात असावी. तिची मुदतही पाहून घ्यावी.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना रात्रीचे सामने दाखवू नयेत, त्यांचा दिवस-रात्रीचा क्रम लगेच बिघडतो. त्यांना दुपारी जुना सामना लावून द्यावा आणि शेजारी बसावे.

काकांची वही तयार झाली आहे. साखळीतले उशिराचे सामने त्यांनी, कुरकुरत का होईना, सकाळच्या रंगात घातले. तंटा उरला तो एकाच पानावर: भारत उपांत्य किंवा अंतिम फेरीत गेला आणि सामना मध्यरात्रीच्या आसपास आला तर? ते म्हणाले, “तो मी थेटच पाहणार.” मी त्यांना जुलैत हृदयरोगतज्ज्ञांकडून तपासून यायला सांगितले आहे. तिथून होकार आला तर त्या दिवशी दुपारी तासभर झोप, संध्याकाळी सातला जेवण, गोळी खिशात आणि मुलगा शेजारच्या खुर्चीत, असे ठरले. मुलाने मान्य केले, पण मध्यंतरात रक्तदाब मोजण्याची अट घातली. ती मीच काढून टाकली. अशा वेळी आकडा वाढलेला दिसणारच आणि तो पाहून आणखी वाढेल. मोजायचा तर सकाळी, रोजच्या वेळी, चहाच्या आधी.